आयली कांतोलाचं अर्धं तळं

नदी कुठे संपते ते शेंबडं पोरही सांगेल. सुरू कुठे होते, ते छातीवर हात ठेवून सांगता येईल तुम्हाला? शाळेत पाठ केलेलं नकोय मला. त्या पहिल्या पाण्यात पाय बुडवून, ही इथूनच निघते, दुसरीकडून नाही, असं कुणाच्या तोंडावर ठणकावून सांगाल?

आयली कांतोला सांगायची. आयुष्यभर सांगत आली, तेही कुणी विचारलेलं नसताना.

आमच्या सॉल्टर्स सायडिंग गावात तिला सगळे तॅती म्हणतात. तिच्या फिनिश आईबापांच्या भाषेत तॅती म्हणजे मावशी. गावातली निम्मी माणसं तिच्या शाळेच्या बसमधून शाळेत गेलीत आणि तिच्या शिव्या खाऊन वेळेवर पोचलीत. वय सत्तरीच्या पुढे, खांदे दाराएवढे, आवाज बसच्या भोंग्याचा. नवरा टोइव्हो गेल्यावर त्याचा सापळ्यांचा पट्टा तिच्या नावावर झाला. पट्टा म्हणजे जंगलाचा ठरवून दिलेला तुकडा. त्यात बीव्हर, मिंक असली फरची पाणजनावरं धरायचा परवाना एकाच माणसाला असतो. दुसऱ्याच्या पट्ट्यात कुणी काडीलाही हात लावत नाही. लावला तर परवाना जातो, आणि शनिवारी सौनामध्ये, म्हणजे गावच्या वाफेच्या न्हाणीत, कुणी शेजारी बसू देत नाही. दुसरी शिक्षा जास्त वाईट.

तिच्या पट्ट्याच्या मधोमध टीकेटल नदी. तशी छोटीच. पाणलोटाच्या कण्यावरून, जिथून पाणी उत्तरेला आणि दक्षिणेला वाटलं जातं तिथून, निघते आणि दक्षिणेला सुपीरिअर सरोवरात पडते, एवढंच. पण एवढ्यात तिचे नखरे बघा. वर दलदल, म्हणून पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. टीकेटल म्हणजे चहाची किटली, नाव त्यावरूनच पडलं. मग आल्डरच्या झुडपांत ती अशी गुंतते की एका वळणावर सकाळी भेटलेलं बदक पुढच्या वळणावर दुपारी पुन्हा भेटतं आणि ओळख दाखवत नाही. मग ग्रॅनाइटच्या पायऱ्या, त्यांना जुने ओंडकेवाले शिडी म्हणायचे. शिडीखाली कढई, गोल आणि खोल, तिथे ट्राउट मासे. कढईखाली नुसते गोटे. तिथे कोरड्या दिवसांत बाईसाहेब चक्क जमिनीखाली जातात आणि थोड्या पुढे, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं वर येतात. शेवटी सरोवराच्या काठी गोट्यांचा बांध. वादळ झालं की सरोवर तिच्या तोंडावर दार लावून घेतं. ती आत कुरकुरत फुगत राहते आणि मग एका दिवशी लाथ मारून दार उघडते. आयलीचं आणि या नदीचं का जमतं, ते वेगळं सांगायला नको.

हिचा उगम दुतोंडी तळ्यात. भांडण सगळं तिथलं. तळं अगदी कण्यावर बसलंय. दक्षिणेच्या तोंडातून टीकेटल निघते, उत्तरेच्या तोंडातून मस्क्रॅट नदी, जी पार जेम्सच्या उपसागरापर्यंत जाते. दोन्ही तोंडांवर बीव्हरांनी काटक्या-चिखलाचे बांध घातलेले. ज्या वर्षी बीव्हर ज्या बाजूला जास्त राबतात, त्या वर्षी पाणी दुसरीकडे जास्त जातं. उत्तरेचा पट्टा ओव्हिला शार्बोनोचा. आयली म्हणायची तळं माझं, मस्क्रॅटला जातं ते उष्टं. ओव्हिला म्हणायचा तळं माझं, टीकेटल ही गळती. यावरून दोघं लग्नांत भांडलेत, मयतांत भांडलेत, एकदा तर एका बाळाच्या बारशाला चर्चमध्ये, हातातला केक न सोडता.

गेल्या उन्हाळ्यात पाऊस रुसला, पश्चिमेकडे जंगलं पेटली, आणि नेमका तेव्हा लाकूड कंपनीला आमच्या बाजूची तोड मिळाली. सरकारी नियम मी वाचते, कारण गावात बाकी कुणाला तेवढा राग येत नाही. नियम असा: नदी बारमाही असेल तर दोन्ही काठांना झाडांचा रुंद पट्टा सोडायचा. हंगामी नाला असेल तर काठापर्यंत साफ कापा, कुणी विचारणार नाही. कंपनीनं लिहून दिलं, टीकेटल हा नाला आहे. नाला. ओळ वाचून मी कॉफीचा मग आपटला, दांडी हातात राहिली.

वनखात्याचं माणूस गुरुवारी विमानानं दुतोंडी तळ्यावर उतरून पाहणी करणार होतं. टीकेटलमध्ये पाणी दिसलं तर झाडं वाचली. आयलीची झोपडी कढईच्या काठावर. काठचे स्प्रूस वृक्ष गेले की कढईला ऊन लागतं, पाणी तापतं, ट्राउट संपतात. आणि टोइव्होची राख तिनं त्याच सावलीत सोडलेली.

"बीव्हरांनी माझ्या बाजूचा बांध यंदा डोक्याइतका उंच केलाय," आयली म्हणाली. "पाणी आहे, पण आत कोंडलंय. माझ्या पट्ट्यातल्या बांधाला खाच पाडायचा हक्क मला आहे की नाही? तू नियमवाली, तू सांग."

"आहे," मी म्हटलं. "तुझ्या पट्ट्यातल्या बांधाला."

"मग बुधवारी निघू. दंताळं घे. वेलचीचा पाव मी आणते."

"होकायंत्र?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बसमध्ये ओकले. "होकायंत्र टोरांटोच्या लोकांसाठी असतं. मी आयुष्यात चुकीचं वळण घेतलेलं नाही."

ही गोष्ट खरी होती. बुधवारपर्यंत.

नदीतून वर जायचं म्हणजे निम्मं वल्हवणं आणि निम्मं होडी ओढणं. शिडीपाशी होडी खांद्यावर. वरचा आल्डरचा गुंता माणसाला पार होत नाही, म्हणून तिथे नदी सोडायची आणि जंगलातल्या वाटेनं थेट तळ्याच्या पूर्वेच्या काठावर निघायचं. पाण्याकडे तोंड केलं की डावीकडे दक्षिण, आयलीचं तोंड. उजवीकडे उत्तर, ओव्हिलाचं. चुकायला काही जागाच नाही.

पण त्या दिवशी धूर इतका होता की सूर्य तांब्याच्या पैशासारखा वर नुसता चिकटवलेला दिसत होता. आम्ही डावीकडे वळलो, अगदी बरोबर वळलो, आणि तळ्यातल्या बोडक्या बेटापाशी धुरातून एक मूस पोहत आला. सांबराच्या दुप्पट जनावर, डोक्यावर फांद्यांचा पसारा, सरळ आमच्या होडीवर.

"ए, बाजूला हो," आयली त्याला म्हणाली. "उजव्या बाजूनं चालायचं माहीत नाही?"

मुसाला माहीत नव्हतं. तो आमच्या मागे लागला की आमच्याच वाटेनं चालला होता, कोण जाणे. आयलीनं वल्हं मारलं, मी मारलं, बेटाला एक वळसा झाला. "गेला का?" "नाही." आणखी अर्धा वळसा, की पाऊण. मला हसू यायला लागलं, हसू आलं की वल्हं चुकतं, वल्हं चुकलं की आयली शिव्या देते, शिव्या ऐकून हसू वाढतं. शेवटी मूस कंटाळून बेटावर चढला आणि पाठ करून उभा राहिला.

"हे बघ, सुकलेला पाइन, वर ऑस्प्रे घारीचं घरटं," आयलीनं धुरात बोट दाखवलं. "त्याच्या खाली माझा बांध. म्हटलं नव्हतं?"

बांध खरंच उंच होता. काटक्या, चिखल, गोटे, कुणाची तरी हरवलेली वहाणसुद्धा. आम्ही दंताळं घातलं, ओढलं, पुन्हा घातलं. आधी एक धार आली, मग एक लोट, मग एकदम पोटातून आवाज काढून बांधाची आख्खी बाजू गेली. चहाच्या रंगाचं पाणी झाडांमधून धावत सुटलं. मी कमरेएवढी भिजले. आयली बांधावर उभी राहून फिनिशमध्ये काहीतरी गायला लागली आणि जड बुटांनी नाचायला लागली, सत्तरीची बाई.

"जा गं बाई, जा," ती पाण्याला म्हणाली. "शिडी उतर, कढई भर, उद्या साहेबाला तोंड दाखव."

तेवढ्यात खालून ओरडा ऐकू आला. आल्डरमधून एक माणूस वर येत होता. छातीपर्यंतची रबरी विजार, वर काहीच नाही, हातात तवा, तव्यात अर्धा तळलेला मासा. ओव्हिला शार्बोनो.

आयलीचा नाच थांबला. कमरेवर हात गेले. "ओव्हिला. माझ्या नदीवर तुझं काय काम?"

ओव्हिलानं तवा सांभाळला. "मादाम कांतोला, मी माझ्या झोपडीत मासा तळत होतो. पाणी दारातून आलं. बिऱ्हाड टाकायचं असल्यासारखं आलं. माझी लाकडं वाहून चाललीत."

"तुझी झोपडी मस्क्रॅटवर आहे."

"हो."

"मग इथे काय करतोयस?"

 ओव्हिलानं तव्यातला मासा उलटवला. मला एव्हाना कळलं होतं आणि मी हसता हसता पाण्यात खाली बसले होते.

आयलीनं पाइनकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, तांब्याच्या सूर्याकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाली, "तू झोपडी हलवलीस."

"आजोबांनी बांधलेली झोपडी?"

"मग पाइन हलवलास."

"मादाम," ओव्हिला फार हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही वळण चुकलात."

चुकलात हा शब्द तिला उद्देशून याआधी कुणी वापरला नव्हता. तिचा चेहरा असा झाला, जणू तिला कुणी दुसऱ्याच घरात झोपेतून उठवलंय. पण रडायला वेळ नव्हता, कारण आमच्या डोळ्यांदेखत तळं उतरत होतं. आणि उतरत होतं ते उत्तरेला. दक्षिणेच्या बांधातून जी काही पाझर होती तीही आता बंद होणार होती. टीकेटल वाचवायला आलेल्या आम्ही टीकेटल आटवली होती.

"बुजवा," आयली ओरडली.

बीव्हर हे काम सहज करतो. माणूस तीन मिनिटांत हरतो. आम्ही काटक्या टाकल्या, वाहून गेल्या. चिखल टाकला, वाहून गेला. ओव्हिलानं गोटे आणले, मी पिशवी टाकली, पिशवीतला वेलचीचा पाव जेम्सच्या उपसागराकडे निघाला. एक म्हातारा बीव्हर पाण्यातून डोकं काढून आमचं काम बघत होता. शेपूट आपटून त्यानं एकदा मत दिलं आणि बुडी मारली.

"काहीतरी मोठं पाहिजे," ओव्हिला म्हणाला. "रुंद. न हलणारं."

आम्ही दोघांनी आयलीकडे पाहिलं.

"नाही," आयली म्हणाली.

आणि मग बसली. भगदाडात, पाठ तळ्याकडे, पाय मस्क्रॅटकडे. बाजूंनी आम्ही काटक्या आणि चिखल भरला. धार निम्मी झाली. ओव्हिलानं तिला तव्यातला मासा खायला दिला. दोन्ही हात चिखलात होते म्हणून भरवला. एवढ्यात वारा उत्तरेकडून फिरला, धूर पडद्यासारखा बाजूला गेला, आणि विमानाचा आवाज आला.

"आज बुधवार आहे," मी म्हटलं.

बुधवारच होता. पण उद्या धूर वाढेल म्हणून वैमानिकानं संधी साधली होती. विमान एक घिरटी घालून पाण्यावर टेकलं, बांधाशी आलं, आणि विमानाच्या पायांखालच्या तराफ्यावर खात्याच्या हॉलबर्ग नावाच्या बाई उतरल्या. चाळिशीच्या, टोपी मागे सरकवलेली, डोळे बारीक. मला साहेब लोक आवडत नाहीत, पण या बाईनं बांधात रुतलेली म्हातारी, उघडा म्हातारा आणि मी, असं तिघांना पाहून फक्त एवढंच विचारलं, "अडकल्या आहात की बसल्या आहात?"

"बसलेय," आयली म्हणाली.

"बरं. वरून पाहिलं मी. पाणी सगळं इकडून चाललंय. दक्षिणेच्या बांधाखाली थेंब नाही." त्यांनी तिथेच बसून मांडीवर नकाशा उघडला. त्यात मस्क्रॅटची रेघ निळी आणि सलग होती. टीकेटलची तुटक. "असंच दाखवलंय. तुटक म्हणजे कधी आहे, कधी नाही. कंपनीचं म्हणणं बरोबर दिसतं."

 आयलीनं तोंड उघडलं तर दुसऱ्याच्या पट्ट्यातला बांध फोडल्याचं कबूल करायचं, म्हणजे परवाना गेला. मिटलं तर झाडं गेली. मी मध्ये पडणार होते, नियम मला पाठ आहेत, पण तिनं चिखलाचा हात वर करून मला गप्प केलं.

"हा बांध सकाळी धड होता," ती म्हणाली. "मी फोडला. मला माझा वाटला. मी," आणि इथे ती इतका वेळ थांबली की वैमानिकानंही मान बाहेर काढली, "मी वळण चुकले."

हॉलबर्गबाईंनी ओव्हिलाकडे पाहिलं. "हा पट्टा तुमचा? तुम्ही परवानगी दिली होती?"

ओव्हिलानं दाढी खाजवली. किती वर्षांनी म्हातारी त्याच्या मुठीत आली होती, आणि तीही अक्षरशः त्याच्या बांधात. त्याच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

"एक मिनिट हं, बाई," तो म्हणाला आणि आयलीच्या कानाशी वाकला. कुजबुज करायची दोघांना सवय नाही, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

"तळं कुणाचं?"

"ओव्हिला, गाढवा, आत्ता?"

"तळं कुणाचं, म्हातारे?"

"एक तृतीयांश घे."

"सगळं."

"तुझ्या बाजूला नुसता चिखल आहे. एक तृतीयांश खूप झालं."

"त्या चिखलात तू बसलीयस. अर्धं."

"अर्ध्याहून थोडं कमी."

"बाई," ओव्हिला सरळ झाला, "या परवानगीचं सांगायचं तर..."

"अर्धं," आयली दातांतून म्हणाली.

ओव्हिलानं विजारीचे पट्टे नीट केले. "परवानगी मीच दिली, बाई. मीच बोलावलं हिला. यंदा माझ्या घरात फार कोरडं झालं होतं."

हॉलबर्गबाईंनी खाली पाहिलं. झाडाला ओव्हिलाची घोंगडी टांगलेली होती, तिच्यातून पाणी गळत होतं. "मग झालं का पुरेसं?"

"झालं. आता नको."

त्या हसल्या नाहीत, पण टोपी पुढे ओढली. मग तराफ्यावरून उतरून काठाकाठानं चालत गेल्या. सकाळपर्यंत पाणी कुठवर होतं त्याची ओली रेघ खडकांवर अजून होती. ती त्यांनी मोजली. ओव्हिलाच्या होडीतून दक्षिणेच्या बांधावर गेल्या, तिथे मोजली. बांधाखालचे गोटे उलटे करून बघितले, खालची ओल बघितली, आल्डरमध्ये गुडघ्याएवढ्या रुतल्या आणि एका डबक्यात बोटाएवढे ट्राउट फिरताना पाहून बराच वेळ वाकून राहिल्या. आम्ही तोवर बांध बुजवत होतो. आयली उठली तेव्हा तिच्या जागी तिच्याच आकाराचा खड्डा होता. तो भरायला ओव्हिलाचं दार लागलं.

बाई परत आल्या. "सकाळच्या पातळीला दक्षिणेचा बांध पाझरत होता," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे पाणी जातं. मला तसं लिहिता येईल. पण दोन्ही पट्ट्यांच्या मालकांनी ते माझ्यासमोर तोंडानं सांगायला हवं. तुमच्या दोघांच्या आजवरच्या तक्रारी कचेरीत आहेत, मी वाचून आलेय. प्रत्येकाचं म्हणणं, सगळं तळं माझं. ते खरं धरलं तर एकच नदी बारमाही ठरते."

"दोन्हीकडे जातं," ओव्हिला लगेच म्हणाला. त्याला काय, तो जिंकला होता.

"कांतोलाबाई?"

आयली नखशिखांत चिखलात उभी होती. तिनं शिडीच्या दिशेला पाहिलं, म्हणजे तिला जी शिडीची दिशा वाटत होती तिकडे. ओव्हिलानं तिचा खांदा धरून हळूच दुसरीकडे वळवला.

"अर्धं तळं ह्याचं आहे," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," हॉलबर्गबाई म्हणाल्या. मला वाटतं, आलं होतं.

"अर्धं तळं ह्याचं आहे." या वेळी भोंगा लागला. समोरच्या काठावर आपटून आवाज परत आला, अर्धं तळं ह्याचं आहे. बेटापलीकडून लून पक्षी हसत सुटला, आणि ओव्हिला, ज्याला डॉक्टरनं उड्या मारू नका म्हणून सांगितलंय, त्यानं एक उडी मारली.

झाडं वाचली. दोन्ही काठांना झाडांचा पट्टा सुटला, कंपनीची माणसं रंगीत फिती बांधून लांबूनच परत गेली. कढईवर सावली आहे, पाणी गार आहे. ओव्हिलाला आयलीनं नवं दार करून दिलं. ते उलट्या बाजूला उघडतं आणि ती म्हणते की तेच बरोबर आहे. शनिवारी सौनामध्ये दोघं शेजारी बसतात. आता भांडण एवढंच उरलंय की तळ्याच्या मधली रेघ बोडक्या बेटाच्या अलीकडून जाते की पलीकडून.

नवे नकाशे छापले जातील तेव्हा जातील. जुने अजून दुकानांत आहेत, शाळांच्या भिंतींवर आहेत, कुणाकुणाच्या गाडीच्या खणात आहेत, आणि कंपन्या सोयीचे नकाशे जपून ठेवतात. तेव्हा एक काम करा. सुपीरिअरच्या उत्तरेचा एखादा जुना नकाशा तुमच्या हाती लागला, तर निळं पेन घ्या, टीकेटल शोधा आणि ती तुटक रेघ सांधून टाका. गोट्यांपाशीही सोडू नका, ती तिथे खालून असते. वर तळ्याला नीट नेऊन जोडा, दक्षिणेच्या तोंडाला. दिशा दोनदा बघून घ्या.